छापखानेवाल्यांचा उरलेला वेळ

पालिकेच्या पोहण्याच्या तलावावर शिट्टीमावशींनी बॅच संपल्याची शिट्टी वाजवली, की पाण्यात राहायची परवानगी फक्त पाण्याला असायची. बाकी सगळ्यांनी मुकाट्याने शिडी धरायची. एकदा खुद्द नगराध्यक्ष डोळे मिटून, पोट वर करून, होडीसारखे तरंगत पडले होते. शिट्टी ऐकूनही ते हलले नाहीत. मावशींनी काठावरची लांब काठी घेतली आणि त्या पोटाला हलकेच ढोसलं. नगराध्यक्ष नाकातोंडात पाणी जाऊन उठले आणि रागाने म्हणाले, मला ओळखलं नाही का. मावशी म्हणाल्या, ओळखलं, म्हणून तर हळू ढोसलं.

ही गोष्ट गावात इतक्या वेळा सांगितली गेली, की शेवटी शेवटी नगराध्यक्षच ती स्वतः सांगायला लागले, आणि त्यात काठीची लांबी दर वेळी वाढायची. पण त्या दिवसापासून मावशींचं नाव झालं ते झालं. पोरांच्या शर्यतीत कोण आधी टेकलं, रांगेत कोण पुढे होतं, शेजारच्या दोन बायकांत टॉवेल नेमका कोणाचा, असं काहीही अडलं की लोक म्हणायचे, मावशींना विचारा. मावशी विचार करायच्या, तोंडाने एक वाक्य बोलायच्या आणि निघून जायच्या. गंमत म्हणजे या बाईला स्वतःला पोहता येत नव्हतं. उभा जन्म पाण्याच्या काठावर गेला, पण घोट्याच्या वर पाणी लागू दिलं नाही. पंप चालवणाऱ्या काकांशी लग्न झालं तेही तलावावरच जमलेलं. काका पाणी भरायचे, मावशी माणसं काढायच्या. संसार असा बरा चालला होता.

लेक मात्र चालायच्या आधी पोहायला शिकली. कपडे बदलायच्या खोलीतल्या बाकावर तिने अभ्यास केला, तिथेच डबा खाल्ला, आणि मोठी झाल्यावर सैन्यात वायरलेसवर भरती झाली. आता ती सीमेवरच्या चौकीत होती. दर रविवारी सकाळी तिचा फोन यायचा. जेवलीस का, थंडी आहे का, वरिष्ठ बरे आहेत का, एवढंच बोलणं. पण त्या एवढ्यावर मावशींचा आठवडा निघायचा. त्याच चौकीवर, मावशींच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या इस्त्रीवालीचा मुलगा ट्रक चालवत होता. त्यामुळे दोघींची बहिणीबहिणींसारखी गट्टी. रविवारी ज्या घरी आधी फोन यायचा ती दुसरीला जिन्यातूनच ओरडून सांगायची. मागचे काही रविवार मात्र जिना गप्प होता. दोघींनाही फोन नव्हता. इस्त्रीवाली शर्टाच्या कॉलरवर नको तितका वेळ इस्त्री दाबून धरायची. मावशी फोनची चार्जिंगची वायर दोनदा काढून पुन्हा लावायच्या. वायरचा काय दोष, पण माणूस कुणावर तरी संशय घेणारच.

अशात देशाची निवडणूक आली. एका बाजूला दातवाले डॉक्टर. त्यांचा पक्ष सत्तेत. त्यांचं म्हणणं, शेजारी देश दारात येऊन उभा आहे, चौक्या आणखी पुढे न्यायला हव्यात, आज थोडं दुखेल पण उद्याची कळ वाचेल. दात काढतानाही डॉक्टर हेच म्हणायचे, आणि ज्यांनी ज्यांनी काढून घेतला होता त्यांना 'थोडं' म्हणजे किती ते माहीत होतं. दुसऱ्या बाजूला छापखानेवाले. ते म्हणायचे, पोरांना डोंगरावर प्यादी म्हणून बसवलंय, चौक्या मागे घ्या, आणि मुख्य म्हणजे गेली निवडणूक आमच्यापासून चोरली गेली. कोणती पेटी उशिरा आली, कुठलं सील तिरकं होतं, हे ते रोज नव्या कागदावर छापायचे. छापखाना घरचाच, शाई घरचीच. खरं किती आणि शाई किती, हे कुणालाच कळेना. पण संशय कसा असतो, एकदा भांड्याला चिकटला की घासून निघत नाही. गावात अर्ध्या लोकांना वाटायचं मत देण्यात अर्थ नाही, आणि उरलेल्या अर्ध्यांना वाटायचं हे अर्धे देशद्रोही आहेत.

कुणीतरी टूम काढली, दोघांना समोरासमोर बसवा आणि काय ते बोलू द्या. पण बसवायचं कुठे? सभागृह म्हणे डॉक्टरांच्या मेव्हण्याचं. शाळेचं पटांगण म्हणे छापखानेवाल्यांच्या व्याह्याचं. घोडं तिथेच पेंड खाऊ लागलं. शेवटी दोन्ही पक्षांना चालेल अशी एकच जागा गावात उरली, ती म्हणजे तलाव. साफसफाईसाठी काकांनी नुकतंच पाणी सोडून दिलं होतं. रिकाम्या तलावात खुर्च्या मांडल्या. नाणं उडवलं, डॉक्टरांना खोल बाजू आली, छापखानेवाल्यांना उथळ. यावर जे विनोद व्हायचे ते सगळे झाले. आणि वेळ कोण पाळणार, हा प्रश्न कुणी विचारलासुद्धा नाही. दोन्ही पक्षांची माणसं एकाच दिवशी, एकमेकांना जिन्यात धक्का मारत, मावशींच्या दारात आली.

मावशींनी आधी नाही म्हटलं. माझी लेक तिकडे आहे, म्हणाल्या, मला यात ओढू नका. तर दोघंही म्हणाले, म्हणूनच तुम्ही. डॉक्टरांच्या माणसांना वाटलं, सैनिकाची आई आपली. छापखानेवाल्यांच्या माणसांना वाटलं, लेकीला परत आणा म्हणणारी आई आपली. ताकाला जाऊन दोघांनीही भांडं लपवलं होतं. मावशींना दोन्ही भांडी दिसली, तरी त्या हो म्हणाल्या. नाव झालेल्या माणसाला नाही म्हणणं फार जड जातं.

सभेच्या दिवशी तलाव माणसांनी गच्च भरला. पाणी असतं तर शेवटचा माणूस बुडेपर्यंत कुणी जागचं हललं नसतं, इतकी गर्दी. भिंतीवर तलावाचं मोठं गोल घड्याळ. मावशी काठावर खुर्ची टाकून बसल्या, गळ्यात शिट्टी. प्रत्येकाला सारखा वेळ, वेळ संपला की शिट्टी, शिट्टीनंतर एक शब्द नाही, असं ठरलं. इस्त्रीवाली पहिल्या रांगेत, बरोबर मावशींच्या समोर.

पहिल्या फेऱ्या नीट झाल्या. चोरी, सील, पेटी, देशप्रेम, सगळं यथासांग झालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कुणी कुणाला बसायला सांगितलं, कुणी बसलं नाही. मावशींची नजर घड्याळावर खिळलेली. मग छापखानेवाल्यांची शेवटची पाळी आली. ते घसा साफ करून म्हणाले, आता मी तेच सांगतो जे ऐकायला इथल्या आया आल्यात. मी निवडून आलो तर पुढच्या चौक्यांवरच्या आपल्या पोरांचं काय होणार.

मावशींची घड्याळावरची नजर आपसूक खाली उतरली. इस्त्रीवाली दोन्ही हात मांडीत घट्ट धरून ऐकत होती. मावशीही ऐकायला लागल्या, इतका जिवाचा कान करून, की तलाव, खुर्च्या, माणसं सगळं लांब गेलं. आणि एकदम त्यांना वाटलं की सगळं गाव आपल्याकडे बघतंय. आपण ऐकत बसलो. आपल्या लेकीसाठी याला जास्तीचा वेळ देत बसलो. वेळ कधीचा संपला असणार. लोक काय म्हणतील, मावशी फितूर झाली. हात वर गेला तो त्यांना कळलाही नाही. शिट्टी वाजली.

छापखानेवाल्यांचं तोंड उघडंच राहिलं. 'आपल्या पोरांना' एवढं बोलून झालं होतं, पुढचं तोंडात.

मग मावशींनी घड्याळाकडे पाहिलं. वेळ शिल्लक होता. थोडाथोडका नाही, चांगला पसाभर शिल्लक होता.

तेव्हाच म्हणायला हवं होतं, चुकले, बोला पुढे. पण ज्या बाईची शिट्टी आजवर कधी चुकली नाही, तिला चुकल्यावर काय करायचं ते कुठून माहीत असणार? त्या मूग गिळून बसल्या. डॉक्टर उठले आणि त्यांनी आपली पाळी शेवटच्या क्षणापर्यंत, चघळून चघळून, पुरी केली. त्यात चौक्या पुढे गेल्या, देश वाचला, आणि टाळ्या झाल्या.

छापखानेवाले गप्प बसणारे नव्हतेच. दुसऱ्या दिवशी सकाळी गावातल्या प्रत्येक भिंतीवर मोठ्या अक्षरात कागद होता: आज शिट्टी विकली गेली, उद्या मतपेटी. खाली बारीक अक्षरात आठवण, की मतदान केंद्रही तलावावरच, कपडे बदलायच्या मोठ्या खोलीत, आणि त्या खोलीची किल्ली कुणाकडे असते ते सुज्ञांस सांगणे न लगे. डॉक्टरांच्या माणसांनी त्याहून वाईट केलं. ते फुलांचा गुच्छ घेऊन आले. मावशींचा फोटो काढला. सैनिकाच्या आईने देशद्रोह्याचं तोंड बंद केलं, असं म्हणत तो फोटो सगळ्यांच्या फोनवर फिरवला. मावशींनी गुच्छ पंपाच्या खोलीत नेऊन बादलीत ठेवला. काकांनी विचारलं, हे कोण मेलं. मावशी म्हणाल्या, मीच.

पण खरा काटा हा नव्हता. भिंतीवरचा कागद वाऱ्याने फाटतो. खरा काटा खालच्या मजल्यावर होता. मावशी इस्त्रीचे कपडे द्यायला गेल्या, तर इस्त्रीवालीने कपडे घेतले, मोजले, बाजूला ठेवले, आणि गिऱ्हाइकाशी बोलतात तसं म्हणाली, परवा मिळतील. इतक्या वर्षांत ती मावशींना कधी 'मिळतील' म्हणाली नव्हती. मावशींनी विचारलं, मतदानाला बरोबर जाऊ ना. इस्त्रीवाली इस्त्री फिरवत राहिली. मग म्हणाली, "कशाला जायचं? माझ्या पोराचं काय होणार ते मला ऐकूही दिलं नाही तुम्ही. मत तरी मोजू द्याल याचा काय भरवसा?"

इतक्या वर्षांच्या 'तू'नंतर आलेला 'तुम्ही' हा शब्द मावशींना गालावर बसावा तसा बसला. त्या वर आल्या आणि दार लावून घेतलं. आपण चुकलो एवढंच असतं तर सोसलं असतं. पण आपल्या एका फुंकरीने एक बाई मतदानाला जाणार नाही, आणि तिचं बघून तिच्या दुकानात येणाऱ्या दहा बायका जाणार नाहीत. चोरी झाली नाही, होणारही नाही. पण चोरी होते यावरचा विश्वास मात्र आपण फुकटात वाटून टाकला. जेवण जाईना. काकांनी ताट सरकवलं, मावशींनी परत सरकवलं. काका म्हणाले, अगं, उरलेला वेळ त्याला परत देऊन टाक. उसनं घेतलेलं पातेलं परत देतात तसं. सोपं आहे.

काकांना सगळं पंपासारखं सोपं वाटतं. तरी मावशी छापखान्यात गेल्या. यंत्र धडधडत होतं, ओले कागद दोरीवर वाळत होते, आणि त्यातल्या प्रत्येकावर त्यांच्याच शिट्टीचं चित्र. मावशींनी सरळ सांगितलं की वेळ शिल्लक होता, मी लवकर वाजवली, तुमचं राहिलेलं तुम्ही बोला, मी सगळ्यांसमोर सांगते. छापखानेवाल्यांनी यंत्र थांबवलं नाही. हसले. बसायला स्टूल दिलं.

"मावशी," ते म्हणाले, "तेवढ्या वेळात मी काय बोललो असतो? चार वाक्यं. लोक घरी जाईपर्यंत विसरले असते. आता तो न बोललेला वेळ रोज माझ्या वतीने बोलतोय. तो कशाला परत मागू?"

मावशी म्हणाल्या, अहो, पण लोक मत द्यायला येणार नाहीत. तुमचेच लोक. छापखानेवाले म्हणाले, येतील येतील, रागाने येतील. आणि नाही आले, तर आपण का हरलो हे सांगायला कारण तयार आहे. एवढं बोलून त्यांनी एक ओला कागद मावशींच्या हातात दिला, घरी न्या म्हणाले. मावशींनी तो तिथेच दोरीवर परत टांगला आणि निघाल्या. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली. खरं सांगावं तर डॉक्टरवाले म्हणणार, लेकीपायी बाई डळमळली. न सांगावं तर इस्त्रीवालीचा 'तुम्ही' जन्मभर तसाच राहणार.

प्रचाराच्या शेवटच्या संध्याकाळी चौकात छापखानेवाल्यांची सभा होती. मावशी गेल्या. बरोबर काका, हातात भिंतीवरून काढलेलं ते मोठं घड्याळ, छातीशी धरलेलं. पालिकेची मालमत्ता असल्यामुळे जरा चोरासारखे. मावशींनी थेट मंचापुढे जागा घेतली. लोकांनी ओळखलं, कुजबुज झाली, मागून कुणीतरी शिट्टी मारली आणि हशा पिकला. छापखानेवाले नेमके शिट्टीवरच बोलत होते. मावशींनी हात वर केला. ते दुर्लक्ष करू शकले असते, पण गर्दीलाच आता बघायचं होतं.

मावशींचा आवाज काठावरून पलीकडच्या काठापर्यंत जायची सवय असलेला. त्यांना ध्वनिक्षेपक लागला नाही.

"त्या दिवशी मी शिट्टी लवकर वाजवली. घड्याळ न बघता. यांचा वेळ शिल्लक होता."

गर्दीतून कुणीतरी विचारलं, पैसे कोणी दिले. मावशी म्हणाल्या, कुणी नाही. मग का वाजवली. मावशींनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"मला ऐकायचं होतं म्हणून. माझी लेक त्या चौकीवर आहे. मी इतकी ऐकत होते, की मला वाटलं माझ्या पोरीसाठी यांना जास्त वेळ देतेय. त्या भीतीने वाजवली. तलावाची किल्ली मी पालिकेत देऊन आलेय, मतदानाच्या दिवशी दुसरं कुणी बसेल. पण यांचं देणं राहिलंय. ते आता घ्या, साहेब. पोरांचं काय होणार ते बोला."

काकांनी घड्याळ वर धरलं.

छापखानेवाले पाणी प्यायले. मग बोलायला लागले. म्हणाले, पोरांना आम्ही परत आणू. टाळ्या झाल्या. मग म्हणाले, अर्थात परिस्थिती बघून. तज्ज्ञांची एक समिती नेमून. टप्प्याटप्प्याने. देशाच्या सुरक्षेला धक्का न लावता. टाळ्या हळूहळू विरल्या. हे सगळं खोल बाजूने डॉक्टरही म्हणाले होते, फक्त त्यांचे टप्पे पुढे जात होते आणि यांचे मागे. मग त्यांच्याकडचं संपलं. त्यांनी मावशींकडे पाहिलं.

मावशी घड्याळाकडे बघत होत्या. वेळ अजून होता.

छापखानेवाले म्हणाले, झालं माझं. मावशी म्हणाल्या, तुमचा वेळ आहे, साहेब, मला कापता येत नाही. आणि त्या तशाच उभ्या राहिल्या. काकांचे हात भरून आले, पण घड्याळ खाली आलं नाही. अख्खा चौक एका माणसाच्या गप्प तोंडाकडे बघत उभा होता. कुणी खोकलं. कुणाचं तरी मूल रडलं आणि थांबलं. छापखानेवाल्यांनी एकदा तोंड उघडलं, मिटलं. ज्या वेळाने इतके दिवस त्यांच्या वतीने भाषण केलं होतं, तो वेळ आता त्यांच्या शेजारी उभा होता आणि एक अक्षर बोलत नव्हता. मावशींना त्याचा आनंद झाला नाही. त्यांना खरोखरच उत्तर हवं होतं. वेळ संपला तेव्हा त्यांनी शिट्टी वाजवली, ती फारशी मोठी नव्हती.

घरी येताना काका म्हणाले, जिंकलीस. मावशी म्हणाल्या, काय जिंकले, त्याला पण माहीत नाही आणि त्या डॉक्टरला पण माहीत नाही. माझी पोर कुणाच्या भरवशावर बसलीय तिथे?

मतदानाच्या सकाळी तलावाबाहेर रांग होती. मावशी आयुष्यात पहिल्यांदा आपल्याच तलावाच्या रांगेत उभ्या राहिल्या. डॉक्टरांच्या माणसांनी तोंड फिरवलं. गुच्छ फुकट गेला होता. छापखानेवाल्यांच्या माणसांनीही फिरवलं. एकाने तर विचारलं, मावशी, आता तुम्ही नक्की कोणाच्या. मावशी म्हणाल्या, तुझ्या मागे आहे, पुढे सरक.

रांग अर्धी झाली तेव्हा मागे हालचाल झाली. इस्त्रीवाली आली होती. एकटी नाही, दुकानातल्या बायका बरोबर होत्या. ती रांगेच्या टोकाला न थांबता सरळ मावशींपर्यंत आली. मावशींनी मागे बोट दाखवलं, नियमाने मागे उभी राहा म्हणून. ती म्हणाली, राहते, आधी एक सांगायचंय. आवाज अगदी खाली आणला.

"तलावातल्या सभेच्या दुसऱ्या दिवशी पोराचा चोरून फोन आला होता. तुला सांगितलं नाही मी. तुझ्यावर राग होता."

मावशींनी तिचा हात धरला. दोघं ठीक आहेत, इस्त्रीवाली घाईने म्हणाली, तुझी पण ठीक आहे, त्याने बघितलंय तिला. पण चौकी हलवतायत. पुढे नेतायत, मतदानाच्या आधीच. सामान चढवून झालंय. म्हणून फोन बंद. कुणाला सांगू नको म्हणालाय, पोरं अडचणीत येतील.

दारातल्या कर्मचाऱ्याने पुढच्याला हाक मारली. रांग एक पाऊल सरकली, मावशीही सरकल्या. आत पडद्यामागे ज्या गोष्टीवर शिक्का मारायचा, ती गोष्ट कुणीतरी आधीच ठरवून ट्रकवर चढवली होती. हे भोवतालच्या कुणालाच माहीत नव्हतं. ओरडून सांगितलं, तर ही सगळी रांग मोडेल. नाही सांगितलं, तर आपणही गप्प राहणाऱ्यांतले.

"मग आता मत कशाला द्यायचं, असं नको म्हणूस," इस्त्रीवालीच म्हणाली. "मी आलेय."

"नाही म्हणत," मावशी म्हणाल्या. "जा, मागे उभी राहा. तुझा नंबर जाईल."

इस्त्रीवाली मागे गेली. मावशींनी ओळखपत्र काढलं, ते हातात गच्च धरलं, आणि लेकीच्या अभ्यासाच्या त्या खोलीत पाय ठेवला. कुणावर शिक्का मारायचा ते अजून ठरलेलं नव्हतं.